दिवे मालवणारी वस्ती

"इथे कोणी राहत नाही," असं म्हणून साहेबांनी माझ्या आत्याच्या घरावर पेनाने टकटक केलं.

घर म्हणजे पडद्यावरचं हो. आमच्या कचेरीत उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून नकाशे होतात. या खेपेचं काम होतं समुद्राच्या भिंतीचं. समुद्र किनारा खात चाललाय, भिंत बांधायचीय, पण सगळीकडे पुरणार नाही, म्हणून जिथे माणसं राहतात तिथेच. आणि माणसं राहतात हे ओळखायचं कसं? दिवसाच्या चित्रात छप्पर दिसलं पाहिजे आणि रात्रीच्या चित्रात उजेड. छप्पर आहे पण उजेड नाही, म्हणजे लोक घरं टाकून गेले. नियम अगदीच वेडगळ नव्हता, अशा ओसाड वस्त्या किनाऱ्यावर खरंच आहेत. पण उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की एखादी मागे राहतेच, आणि ती नेमकी माझी निघाली.

"साहेब, तिथे माझी आत्या राहते! मला तिने त्याच घरात वाढवलंय."

"मग दिवे का नाहीत?"

"कासवांसाठी."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, की माझी रजा मीच लिहून द्यावी.

मग मी त्यांना सगळं सांगत बसले. कासवांची पिल्लं अंधार पडला की वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे पळतात. मोकळ्या किनाऱ्यावर उजळ असतो तो समुद्र. घरांत दिवे असले की बिचारी घरांकडे वळतात, आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांची चंगळ. म्हणून त्या दिवसांत आत्या तिन्हीसांजेला काठी टेकत दारोदार फिरते. "मालवा रे, मालवा!" वस्तीत तिचं नाव लोडशेडिंग. पण तिच्यापुढे कोणाची ब्र काढायची टाप नाही, कारण पहिला अंधार तिच्या स्वतःच्या घरात होतो. आणि आमचं दुर्दैव असं, की आकाश निरभ्र असतं तेही याच महिन्यांत. बाकी वर्षभर ढग, रात्रीचं चित्रच निघत नाही. म्हणजे उपग्रह बघायला येतो तेव्हाच वस्ती डोळे मिटून बसलेली.

"पटतंय हो मला," साहेब म्हणाले, "पण तुमचीच आत्या म्हटल्यावर तुमची साक्ष कशी धरू? उद्या प्रत्येकाची आत्या निघेल."

डोक्यात तिडीक गेली. मेला बोलत मात्र बरोबर होता.

"नकाशा शनिवारी वर जातो. तोवर एक रात्र उजेड दाखवा, मी स्वतः रंग बदलतो."

मी आत्याला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "समुद्राकडचे सोडून मागच्या अंगणातले लावले तर?"

"नाही गं भागत. त्या यंत्राच्या चित्रातला एक चौकोन तुमच्या अख्ख्या वस्तीहून मोठा आहे. मिणमिणतं काही त्याला दिसतच नाही. सगळ्यांचे सगळे दिवे लावावे लागतील, गच्चीवरचेसुद्धा."

"पिल्लं निघायचे दिवस आहेत."

"माहितीये."

"माहितीये, आणि तरी मला सांगतेस?"

"आत्या, गेल्या वर्षी पाणी तुझ्या पायरीला लागलं होतं. भिंत नाही झाली तर घर जाईल. तुला घर हवंय की कासवं?"

बोलले आणि जीभ चावली. पण ती चिडली नाही. "बघते," एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आत्या गेली दारोदार. लोकांना आधी थट्टाच वाटली. लोडशेडिंग दिवे लावायला सांगतेय! पण लावले सगळ्यांनी. आणि मी सकाळी चित्र उघडते तर काय, तिथे ढग. नेमका तेवढ्याच तुकड्यावर. मी कपाळावर हात मारला आणि तसाच परत फोन उचलला.

"अजून एक रात्र, आत्या."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ आलं, आणि काळ्या किनाऱ्यावर आमची वस्ती लख्ख. मी खुर्चीतून उठून ओरडलेच. साहेबांनी शब्द पाळला. माझ्यासमोर ओसाडचा राखाडी रंग पुसून वस्तीचा पिवळा भरला आणि भिंतीची रेघ वस्तीपुढून ओढली. मला हसू आवरेना.

"झालं आत्या! वाचलं घर!"

"हो का. बरं झालं बाई." मग म्हणाली, "सकाळी बादली घेऊन फिरले. माझ्याच पायरीखाली पिल्लं जास्त होती. जिवंत होती ती नेऊन सोडली पाण्यात. उरलेली पुरली."

"आता नाही लावायचे, आत्या. काम झालं," एवढंच कसंबसं म्हटलं.

शनिवारी नकाशा वर गेला. माझं काम तिथे संपलं होतं, तरी सोमवारी मी उगाचच आदल्या रात्रीचं चित्र उघडलं. वस्ती तशीच लख्ख होती. मंगळवारीही तशीच. कोणी लावायला सांगितलं नव्हतं. मी फोन लावला.

"आत्या, दिवे अजून चालू का? तू गेली नाहीस सांगायला?"

"माझ्या घरात अंधारच असतो गं."

"बाकीच्यांच्या?"

"त्यांच्या दारात जाऊन काय म्हणू? दोन रात्री मीच लावायला लावले ना. कोणत्या तोंडाने सांगू आता मालवा म्हणून?"

मी काहीतरी बोलायला गेले, पण तिने फोन ठेवला होता.