मालनच्या अंगातली देवी

नवरात्रात काळाचौकीच्या चाळीत आरतीचे ढोल सुरू झाले, की राजारामची बायको मालन धाडकन पडायची. बायका धावायच्या, कपाळभर मळवट भरायच्या, ओटी भरायच्या. जरा वेळाने मालन डोळे उघडायची आणि म्हणायची, "माका काय आठवत नाय गो." राजाराम तर तिच्या पाया पडणाऱ्यांची रांग लावायचा.

गेल्या वर्षी श्रावणात पहाटे उशाशी फोन खणखणला. मालन दचकून उठली आणि कलंडली, ती गेलीच. पोस्टमॉर्टेममध्ये काही निघालं नाही. तेव्हा परळच्या डॉक्टरीणबाईंनी राजारामला विचारलं, "आधी कधी बेशुद्ध पडल्या होत्या?"

"छे! देवी यायची फक्त. ढोल वाजले की."

बाईंनी हातातला रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "अचानक मोठा आवाज झाला, की काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस बेशुद्ध पडतो, कधी जातोही. हा दोष आईकडून मुलांत येऊ शकतो. मुलीचा ईसीजी काढून घ्या."

राजारामने मान डोलावली, पण लेकीला, श्रेयाला, काही सांगितलं नाही. तिच्यात दोष निघाला, तर मालनच्या अंगात देवी नव्हतीच, दुखणं होतं, असं ठरणार होतं. मग रांग लावणारा तो कोण? आज नेऊ, उद्या नेऊ करत वर्ष गेलं.

यंदा आरतीचा ढोल वाजला आणि श्रेया पडली.

"देवी इली गो!" राजारामची म्हातारी आई ओरडली. "मालनची देवी पोरीत इली! कुंकू हाडा!"

बायका ताट घेऊन आल्या. राजारामने ताट हाताने मागे सारलं.

"आये, कुंकू नको. ढोल बंद करा रे! टॅक्सी आणा!"

"देवीक हॉस्पितळात नेतलस? येडो झालस?"

"मालनाक नेलंय नाय, म्हणानच ती गेली!"

ढोल थांबले. कोणीतरी टॅक्सीसाठी धावलं.

ईसीजीत तोच दोष निघाला. बाईंनी श्रेयाला दाखल करून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. आता नीट सांभाळता येईल, म्हणाल्या; वर राजारामला, मी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, असंही. त्या गेल्यावर श्रेया म्हणाली, "बाबा, बाईंनी वर्षापूर्वीच सांगितलेलं तुम्हाला?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"भ्यालो."

"माझ्यासाठी?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," राजाराम म्हणाला. "माझ्यासाठी."

श्रेयाने भिंतीकडे तोंड फिरवलं.