सोबतची व्यक्ती

डिजिटल ग्रंथालयांवरच्या त्या परिषदेला दंतवैद्य गेला तो फुकटच्या हॉटेलसाठी, आणि हे त्याने कुणापासून लपवलंही नाही. बायको विद्यापीठात ग्रंथपाल. तिचा शोधनिबंध निवडला गेला होता, दोघांची खोली आयोजकांच्या खर्चाने, वर नाश्ता. एवढं असताना घरी बसायला तो काही वेडा नव्हता. दवाखान्याला कुलूप ठोकून तो निघाला. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने त्याच्या गळ्यात जो पट्टा अडकवला, त्यावर त्याचं नाव नव्हतंच. ‘सोबतची व्यक्ती’ एवढंच छापलं होतं.

“सव्वीस वर्षांच्या संसाराचं सार एका ओळीत काढलंय या लोकांनी,” तो बायकोला म्हणाला.

“मग गप्प सोबत कर,” ती म्हणाली.

उद्घाटन लांबत गेलं. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठा निघाला. सगळ्यात शेवटी तिच्या ग्रंथालयाचे संचालक बोलायला उभे राहिले. केस कोटापेक्षा काळे, आणि कोट नुकताच शिवलेला. “आमचा ध्वनिसंग्रह यंदा गेल्या वर्षीच्या दहापट ऐकला गेला,” ते म्हणाले. “लोकांना मौखिक इतिहासाची भूक आहे, मित्रहो!” टाळ्या पडल्या. ग्रंथपालबाईंचं पेन नेमकं तेव्हाच खाली पडलं आणि ते शोधायला त्यांना फार वेळ लागला.

चहाच्या सुट्टीपर्यंत दंतवैद्य निम्म्या परिषदेला ओळखू लागला होता. विद्वानांचे दात वाईट असतात हा त्याचा पहिला निष्कर्ष, आणि विद्वान ते कबूल करत नाहीत हा दुसरा. खांबाआड उभं राहून, मोबाइलच्या उजेडात त्याने दोन प्राध्यापकांच्या दाढा तपासल्या. तिसरा स्वतःहून तोंड उघडून रांगेत आला.

वरवर असा मजेत दिसत असला, तरी आठ दिवस तो आतून धुमसत होता.

त्याचं कारण म्हणजे त्याची आई. ती तीन वर्षांपूर्वी गेली. असेपर्यंत दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, आणि तेही स्वतःच्या हट्टाने. “एका घरात दोन चुली नकोत, आणि दोघींत एक चूल तर मुळीच नको,” हे तिचं मत होतं. मोबाइलवर टाइप करायला तिला जमायचं नाही, म्हणून ती मुलाला बोलके निरोप पाठवायची. सकाळपासून सुरू. गुडघा, गळका नळ, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज, आणि उरलेल्या वेळात सून. दंतवैद्याने ते सगळे निरोप घरच्या हार्ड डिस्कवर ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये साठवले होते. आई गेल्यावर मात्र त्याने तो फोल्डर एकदाही उघडला नाही. उघडवेना. आहे तिथे आहे, एवढं त्याला पुरत होतं.

आणि आठ दिवसांपूर्वी एक जुना एक्स-रे शोधताना त्याला दिसलं, की डिस्क धुतल्यासारखी स्वच्छ आहे.

“ही डिस्क कुणी रिकामी केली?” त्याने विचारलं होतं.

“मी. वर्ष झालं. खरखरायला लागली होती. कचरा काढला,” बायको म्हणाली. ती परिषदेच्या स्लाइड करत बसली होती, तिने मान वर केली नाही.

तो डिस्क खणात टाकून दवाखान्यात निघून गेला. दिवसभर तो ज्यांच्याशी बोलायचा ते सगळे आ वासून पडलेले असत. उत्तर देऊ शकणाऱ्या माणसाशी बोलायची त्याची सवयच गेली होती.

तिचा निबंध दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होता. ही वेळ आयोजक ज्याच्यावर सूड उगवायचाय त्याला देतात. खोली तळघरातली, थंडगार, स्वच्छतागृहाच्या पुढे. सत्राध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्यापुढे टेबलावर घंटी होती आणि ती वाजवण्यातच त्यांना रस होता. समोर श्रोते म्हणजे एक झोपलेले ज्येष्ठ अभ्यासक, प्रमाणपत्रासाठी आलेल्या दोन-तीन संशोधक मुली, आपल्या संस्थेचा फोटो काढायला आलेले संचालक आणि मागच्या रांगेत सोबतची व्यक्ती.

निबंधाचा विषय होता ‘काय ठेवावे, काय काढावे’. ग्रंथपालबाई छान बोलल्या. सगळं साठवत राहणं म्हणजे जतन नव्हे, ती फक्त आळशीपणाची मोठी आवृत्ती, असं म्हणाल्या. “ज्या वस्तूची नोंद नाही आणि जी वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नाही, ती काढायला ग्रंथपालाचा हात थरथरता कामा नये,” असा त्यांनी शेवट केला. घंटी वाजली.

“प्रश्न?” अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न नसणार हे गृहीत धरून ते पुढचा कागद उचलतच होते, तोच मागून हात वर झाला. बाईंनी तो हात पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

“आपली संस्था?” अध्यक्ष.

“खाजगी आहे. दोन सभासद.”

“विचारा, थोडक्यात.”

दंतवैद्य उभा राहिला. “मॅडम, एका छोट्या संस्थेत एक ध्वनिसंग्रह होता. एका दिवंगत महिलेचे निरोप. दुसरी प्रत कुठेच नाही. मालक ते उघडत नव्हता हे खरं, पण त्याला कारण होतं. एके दिवशी दुसऱ्या सभासदाने मालकाला न विचारता कचरा म्हणून ते सगळं काढून टाकलं. आपल्या निकषांत हे कुठे बसतं?”

खोलीत एकदम जान आली. “न विचारता?” एक संशोधक मुलगी म्हणाली. “संमती हवीच की!”

ज्येष्ठ अभ्यासक जागे झाले. “एकमेव प्रत? हा तर खून आहे, खून!”

“त्या सभासदावर काही कारवाई झाली का?” अध्यक्षांनी विचारलं.

“अजून नाही,” दंतवैद्य म्हणाला. “ती... तो सभासद फार हुशार आहे. परिषदांना बोलावतात.”

बाई पाणी प्यायल्या. ग्लास खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, “संग्रह नष्ट झालेला नाही.”

“म्हणजे?”

“डिस्क मरायला टेकली होती. म्हणून हलवला.”

“कुठे हलवला?”

त्यांनी संचालकांकडे बघायचं टाळलं. “विद्यापीठाच्या सर्व्हरवर. मौखिक इतिहास विभागात.”

फोटो काढायला वर केलेला संचालकांचा मोबाइल तसाच हवेत राहिला.

“मग मला सांगितलं का... म्हणजे मालकाला कळवलं का नाही?” दंतवैद्याचा आवाज चढला.

“कारण ते नियमात बसत नाही. घरचा माल सरकारी कोठारात. आणि मालकाच्या पोटात काही राहत नाही. खुर्चीत आडव्या पडलेल्या प्रत्येकाला तो सगळं सांगतो.”

आता मुली एकमेकींकडे बघू लागल्या. अध्यक्षांच्या मात्र अजून काही लक्षात आलं नव्हतं. ते रंगले होते. “नुसता हलवला की रीतसर नोंद केली?”

बाई दुखावल्या. नोंद न केलेली वस्तू त्यांना डोळ्यात गेलेल्या केसासारखी खुपायची. “प्रत्येक निरोपाची केली. विषय लावले. गुडघे. नळदुरुस्ती. शेजारी, उपद्रव. सुना, तक्रारी. सुना, तक्रारी, स्वयंपाक. सुना, तक्रारी, संकीर्ण.”

खोली हसली. दंतवैद्याला हसू आलं नाही. “तू सगळं ऐकलंस?”

“नोंद करायची तर ऐकावंच लागतं. काही निरोप दोनदा ऐकले. ‘गबाळी’ म्हणतायत की ‘गयाळी’, ते नीट कळत नव्हतं.”

“अय्या!” मघाची मुलगी मोबाइलवरून मान वर करत ओरडली. “हे आम्ही ऐकलंय! ‘एका गृहिणीचे दैनंदिन निवेदन’ हेच ना? आमच्या अख्ख्या वसतिगृहात ऐकतात!” आणि कुणी अडवायच्या आत तिने मोबाइलवर उतरवून ठेवलेला एक निरोप लावलाही.

तळघरात आईचा आवाज घुमला. “हॅलो. हॅलो. दाबलंय का हे? हां. ऐक. तुझी बायको काल डबा परत देऊन गेली. तो माझा नव्हेच. माझा निळ्या झाकणाचा. एवढी हजारो पुस्तकं सांभाळते, आणि सासूचा एक डबा ओळखता येईना? तिला काही बोलू नकोस, मीच बोलेन. जेवलास का?”

सगळे खो खो हसले. ज्येष्ठ अभ्यासकांनी तर मांडीवर थाप मारली. दंतवैद्य तसाच उभा होता. तीन वर्षांनी तो आवाज त्याच्या कानावर पडत होता, आणि तोही परक्या माणसांच्या हसण्यात कालवून. त्याने खुर्ची सरकवली आणि तो दार उघडून निघून गेला.

बाई त्याच्या मागे धावणार, तोच संचालकांनी त्यांना बाहेरच्या बोळात गाठलं. आता निलंबनच, असं धरून त्या उभ्या राहिल्या. संचालक बराच वेळ कोटाचं बटण लावत-काढत होते.

“बाई, काल मी जे दहापट म्हणालो, ते हेच का?”

“बहुतेक हेच, सर.”

“आणि आपण एवढा खर्च करून स्कॅन केलेली हस्तलिखितं?”

“ती मीच उघडते, सर. चालतायत का बघायला.”

संचालकांनी इकडेतिकडे बघितलं. “मग हा मौखिक इतिहासच आहे. समजलं? वार्षिक अहवाल जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.” आणि ते घाईघाईने वर निघून गेले.

संध्याकाळी खोलीत भांडण झालं. आठ दिवस साठलेलं एकदम फुटलं.

“सर्व्हरवर ठेवलंस, ठीक आहे. उपकार. पण जगासाठी उघडं कशाला? माझ्या आईला वसतिगृहातल्या पोरी ऐकतात!”

“नोंद करताना आपोआप ‘सर्वांसाठी खुले’ होतं. बदलायचं राहून गेलं.”

“आणि लक्षात आल्यावर?”

तिने गळ्यातला पट्टा काढून त्याची घडी घातली.

“आल्यावर का नाही बंद केलंस? आई तुला घालून पाडून बोलतेय त्यात!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “बोलणी मला आहेत ना? मग तक्रार मी करायची की तू?” मग पलंगाच्या कडेवर बसून ती हळू आवाजात सांगू लागली, “लोक खाली अभिप्राय लिहायचे. काही जण म्हणायचे, आजींचं बरोबर आहे. पण निम्म्याहून जास्त म्हणायचे, सून बिचारी भली दिसते. डबा तरी नेऊन देते. रोज सकाळी ऑफिसात गेले की मी आधी तेच वाचायचे.”

“अगं, अनोळखी माणसं ती!”

“असू देत. सव्वीस वर्षांत माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं. तुला आईने काही सांगितलं की तू मला कधीच सांगायचा नाहीस. तिलाही काही म्हणायचा नाहीस. सगळं फोल्डरमध्ये टाकायचास आणि नाव ठेवायचास ‘इतर’.”

दंतवैद्य खिडकीशी गेला, खालच्या पार्किंगकडे बघत राहिला. आईला वाईट वाटू नये आणि बायकोलाही वाटू नये, म्हणून आपण मधे कापसाचा बोळा होऊन बसलो होतो, असं तो स्वतःला नेहमी सांगत आला होता. दोघींना तो बोळा गिळावा लागत होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“बंद कर ते,” शेवटी तो म्हणाला. “संचालकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.”

“करते,” ती लगेच म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन बसली. पण डिजिटल ग्रंथालयांचे एवढे जाणकार एका छपराखाली जमले होते, आणि त्या हॉटेलात इंटरनेट म्हणून चालत नव्हतं. दोघं लॅपटॉप घेऊन बोळभर फिरली. शेवटी जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थोडी रेंज लागली. तिथेच पायरीवर ती बसली, आणि भिंतीला टेकून तोही बसला.

तिने संग्रह बंद केला. आता तो पाहायचा हक्क दोघांनाच उरला. तिने पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात ठेवला. त्याने चिठ्ठी वाचली, खिशात टाकली, पण उठला मात्र नाही.

“एखादा लाव ना,” तो म्हणाला.

“कुठला?”

“कुठलाही. तूच ठरव. तू ऐकलेत सगळे.”

तिने थोडा विचार करून एक लावला. “हॅलो. अरे, तुझी बायको म्हणते तू घोरतोस म्हणून ती बाहेरच्या खोलीत झोपते. मी तिला म्हटलं, याच्या बापाने मला चाळीस वर्षं झोपू दिलं नाही, तू निदान दार तरी लावून घेतेस. गबाळी कुठली. अंगावर नीट पांघरूण घेत नाही, खोकते नंतर. तिला जाड रजई घेऊन दे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

त्याने तोंडावर हात धरला. आधी हसला, मग खांदे वेगळ्याच कारणाने हलायला लागले. ती त्याच्याकडे थोडी सरकली. वरून उतरणारे दोन प्रतिनिधी ‘माफ करा’ म्हणत त्यांच्या बाजूने वाट काढून गेले.

नाक पुसून तो म्हणाला, “याला विषय काय लावलायस?”

“सुना, तक्रारी, संकीर्ण.”

“साफ चूक. ही तक्रार कुठे आहे? आई ज्याला गबाळं म्हणायची, तो तिच्या आवडीचा असायचा. मला जन्मभर गबाळ्या म्हणाली.”

“मला कसं कळणार? मला कुणी सांगितलं का?”

“आता सांगतोय ना. बदल ते.”

“पुरावा?”

“पुरावा काय, मी मुलगा आहे तिचा!”

“मुलगे सगळंच गोड ऐकतात,” ती म्हणाली. “आणखी दोन-चार ऐकल्याशिवाय मी नोंद बदलणार नाही. पुढचा ऐक, ‘स्वयंपाक’मधला आहे. यात तर माझ्या आमटीला गटाराचं पाणी म्हटलंय. ही कुठली आवड, सांग.”

“लाव,” तो म्हणाला. खालच्या मजल्यावरून ताटवाट्यांचे आवाज यायला लागले होते, कुणीतरी जेवायला हाका मारत होतं. दंतवैद्याने बूट काढले, पायरीवर पाय पसरले आणि लॅपटॉप तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर ओढला.