दिलेला सिग्नल

अप्पासाहेबांनी एकसष्टाव्या पानावरच्या 'नळ' या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि कागद सुचेतापुढे सरकवला.

"हा नळ कुणी बंद केला?"

"शार्दूलने. वाहत होता म्हणून."

"आणि बाराव्या पानावर तू काय लिहिलीस? मागच्या काळात गेलं की फक्त बघायचं, कशाला हात लावायचा नाही. मग नळाला लावला कसा?"

सुचेता बारावं पान काढून बघत राहिली. ती मूळची पुण्याची. आठवडाभर मारतहळ्ळीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि शनिवार-रविवार येलहंक्यातल्या या घराच्या वरच्या मजल्यावर कादंबरी लिहायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईला आपल्याच पुस्तकातला वाहता नळ दिसू नये, याची तिला चांगलीच लाज वाटली. शार्दूल हा तिचा गुप्तहेर. खून झाला की तो खुनाच्या आधीच्या तासात जाऊन उभा राहायचा आणि कोणी केला ते बघून परत यायचा. कल्पना झकास होती, पण नियमांचा पार विचका झाला होता. प्रकाशकाने एकच ओळ लिहून पाठवली होती: 'हा तिथेच उभा आहे, तर तिला वाचवत का नाही?' शेवटचं प्रकरण सोमवारी द्यायचं होतं आणि आज रविवारची दुपार झाली होती.

अप्पासाहेब तिचे घरमालक, मूळचे निपाणीचे. अडतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीच स्टेशनमास्तर म्हणून. कादंबरीच्या वाटेला ते कधी गेले नव्हते, पण नियम म्हटलं की त्यांचे कान टवकारायचे. सुचेताने गमतीत हस्तलिखित वाचायला दिलं, तर त्यांनी ते अपघाताच्या चौकशीचे कागद वाचावेत तसं वाचून काढलं.

"काका, नळ बंद केल्याने कुणाचं काय बिघडतंय?"

"बिघडत काहीच नाही. पण नळाला चालतंय तर त्या बाईला का चालत नाही? खून दोन मिनिटांवर आलाय आणि हा कपाटाआड उभा. नुसता ओरडला तरी पुरे की."

"ओरडला तर ती वाचेल. वाचली तर खूनच नाही. खून नाही तर हा शोधायला येणारच नाही. मग ओरडणार कोण?"

"स्वल्प थांब," म्हणत अप्पासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "मला कळेना गं हे."

"मलाही कळत नाही," सुचेता म्हणाली आणि दोघंही हसले.

मग तिला एकदम सुचलं. लॅपटॉप मांडीवर ओढून तिने नियमांच्या यादीत एक ओळ टाकली आणि वाचून दाखवली. "आणीबाणीच्या प्रसंगी शार्दूलने आपल्या विवेकाने वागावं. झालं! नळही सुटला, बाईही सुटली."

अप्पासाहेबांचं हसू मावळलं.

"खोड ते."

"का? तुमच्या रेल्वेत नसतो असा नियम?"

"असतो. म्हणून तर खोड म्हणालो."

ते उठून गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि काही न बघता परत आले. काय बिनसलं ते सुचेताला समजेना. आपण काही लागट बोललो का, म्हणून ती आपलेच शब्द मनात उलटेपालटे करत राहिली.

"एकदा दिलेला सिग्नल परत घ्यायचा नाही," ते म्हणाले. "आणीबाणी असल्याखेरीज. आणीबाणी म्हणजे काय, ते मला कुठं सापडलं नाही. त्र्याण्णव साल. स्टेशन एवढंसं, दिवसाला दोन पॅसेंजर थांबायच्या. दुपारी दोघं जण एका बाईला बाजेवर घालून आणले. साप चावलेला. दवाखाना रेल्वेनं चाळीस मिनिटांवर, आणि रस्त्याला वाहन नाही. सुपरफास्ट येत होती, आमच्याकडं न थांबणारी. तिला मी सिग्नल दिलेला."

"मग?"

"कंट्रोल ऑफिसला फोन लावला. म्हणाले, थांबा, विचारून सांगतो. थांबलो. सिग्नलची दांडी हाताशी होती. ओढली असती तर गाडी थांबली असती. नाहीतर ड्रायव्हरला वेळेत दिसलंच नसतं. नाहीतर मागं काहीतरी घोळ झाला असता. मला ठरवता येईना. गाडी आली. नियमाप्रमाणं मी हिरवा बावटा धरून उभा राहिलो. ड्रायव्हरनं पण दाखवला. सगळं सरी, सगळं बरोबर."

सुचेताला त्यांचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची कीव आली, आणि यातलं खरं कुठलं तेही कळेना.

"ती वाचली का?"

"ती माणसं बाज उचलून शेतातनं निघून गेली. मी विचारलं नाही. नंतरही नाही. हिंमत झाली नाही, पोरी."

मग सुचेता हळूच म्हणाली, "काका, शेवटचं प्रकरण मी त्या स्टेशनवर नेऊ का? शार्दूल ओरडेल. तुम्ही सिग्नल परत घ्याल. गाडी थांबेल."

"नको. तसं झालं तर मग मी इतकी वर्षं काय वागवतोय?" त्यांनी पेन्सिल बोटांत फिरवली. "त्या दिवसाच्या रजिस्टरात सगळं आहे. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, गार्डाचं नाव, कंट्रोलला फोन केल्याची वेळ. सगळं माझ्या हातचं. तिचं नाव नाही." ते थांबले. "तुझ्या नियमात नाव विचारायला चालतंय?"

सुचेताने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. बघावं, असं होतं. हात लावू नये, असं होतं. ओरडण्याबद्दलच काही नव्हतं, तर विचारण्याबद्दल कुठून असणार?

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग चालतंय म्हण."

तिने विवेकाची ओळ खोडली. कपाटाआडून शार्दूलला बाहेर काढलं आणि दुपारच्या उन्हात एका लहानशा फलाटावर आणून उभं केलं. तो कुणालाच ओरडून काही सांगत नव्हता. लांबून गाडीचा आवाज येत होता आणि हातात हिरवा बावटा घेतलेला मास्तर रुळांकडे बघत होता. शार्दूल बाजेशी वाकला.

"ताई, तुमचं नाव काय?" सुचेताने लिहिलं आणि तिची बोटं थबकली.

"काय नाव घालू, काका?"

"मला काय ठाऊक?" अप्पासाहेब म्हणाले. "तो गेलाय की तिथं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हात गुडघ्यांवर ठेवून ते पडद्याकडे बघत बसले.