सुतळीचा पीळ

मुलांनो, घटकाभर कल्पना करा. तुमच्या हातात दोन पेडांची सुतळी आहे. टोकं बांधून तिचं कडं केलंय. आता दोन्ही पेड मधूनच सुटे करत चला. पुढचा पीळ घट्ट होत जातो, वेटोळी घालतो आणि शेवटी हात अडकतात.

अशीच सुतळी त्या संध्याकाळी मावशीच्या हातात होती. खरं तर तिला हातात काहीच नको होतं. दवाखान्याच्या लॅबमध्ये सकाळपासून तिने जंतू वाढवलेल्या नव्वद प्लेट डोळ्यांखालून घातल्या होत्या. पाय भरून आले होते. आणि घरात शिरते तो वडिलांचं, म्हणजे आजोबांचं, अंग पुन्हा तव्यासारखं तापलेलं.

आठ दिवसांपूर्वी आजोबांच्या लघवीत जंतू सापडले, तेव्हा प्लेट तिनेच तपासली होती. तिच्यावर ठेवलेल्या एका औषधाच्या कागदी टिकलीभोवती स्वच्छ गोल होता, जंतूंचा मागमूस नव्हता. त्याच औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आणि आज हे. डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळ्या लागू पडत नाहीत. उद्या भरती करू."

"मी नाही जाणार," आजोबा पांघरुणातून गुरगुरले. "तिथला पलंग माझ्यापेक्षा जास्त कण्हतो."

नऊ वर्षांची भाची कधी एका जागी बसत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आज मात्र ती बसून होती.

"मावशी, ती गोळी जंतूला मारते कशी?"

'उद्या सांगते' हे मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण या आठवड्यात ते चारदा म्हणून झालं होतं. तिने कोपऱ्यात पडलेल्या पार्सलची सुतळी सोडली आणि टोकांना गाठ मारली.

"जंतूच्या आत असं कडं असतं, डीएनएचं. जंतूने कसं जगायचं ते सगळं त्यात लिहिलेलं. एकाचे दोन व्हायचे तर आधी त्याची नक्कल हवी. मग एका जागी पेड सुटतात. तिथून नक्कल करणारे निघतात, काही इकडून, काही तिकडून. सुट्या झालेल्या प्रत्येक पेडाला नवा जोडीदार विणत जातात. पलीकडे ते एकमेकांना भेटले की कडी दोन. प्रत्येकात एक पेड जुना, एक नवा."

"दमत नाहीत?"

"दमतो आपण, बाई. ते तर पोटभर खायला मिळालं की पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू करतात."

भिंगरीने पेड ओढले. सुतळीचा गोळा झाला. "आणि हा पीळ?"

"तो सोडवणारा वेगळा कारागीर असतो. तो सुतळी कापतो, पीळ मोकळा करतो, पुन्हा जोडतो. आजोबांची गोळी त्यालाच पकडते. कापून झाल्यावर, जोडायच्या आधी. कडं तुटलेलंच राहतं, जंतू मरतो."

"सगळे?"

"एका दिवसात नाही गं. काही नुसते पडून असतात, नक्कलच करत नाहीत. ते वाचतात. म्हणून चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायची. मध्येच सोडली तर उरलेले पुन्हा वाढतात."

बोलता बोलता मावशीने भिंतीला डोकं टेकलं. "प्लेटमध्ये मेले, मग इथे का मरेनात? माझ्याच हातून चुकलं असणार. दुसऱ्याच कुणाची प्लेट वाचली असेन."

ती उठली आणि सुजलेले पाय पुन्हा चपलांत सरकवू लागली. लॅबमध्ये जाऊन सगळं पहिल्यापासून बघायचं होतं.

आजोबा जरा जास्तच जोरात खोकले. "भिंगरे, पाणी आण बघू."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. ते डोळ्यांनी नको, नको म्हणत होते. गोळीने तोंड कडू होतं, ताप तर गेलाय, हे आपलं दोघांचं गुपित, असं त्यांनीच पाच दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

तिने दप्तरातून कंपासपेटी काढली. खोडरबराखाली लपवलेल्या आजोबांच्या दहा गोळ्या मावशीच्या तळहातावर ओतल्या.

"तुझी प्लेट बरोबर होती," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन कर."

मग खाली बसून तिने मावशीच्या पायांतल्या चपला काढल्या आणि परत जागेवर ठेवल्या.