फटीतली दोरी

शनिवार आला की नोरीनच्या दारापुढे माणसांचा घोळका उभा राहायचा. तिचा धाकटा भाऊ फिंटन मोठा कादंबरीकार, आणि आयर्लंडच्या कॉर्क शहरातली त्याच्या लहानपणीची ही गल्ली दाखवायला डेक्लन नावाचा गाइड लोकांना पायी फिरवायचा. दारापाशी आला की आवाज खाली आणायचा. "हेच ते दार. आईनं रागाच्या भरात लावून घेतलं, आणि पोरगा रात्रभर पावसात कुडकुडत बसला."

फिंटननं कादंबरीत लिहिलं होतं तसंच. आग लागो त्या कादंबरीला! गल्लीतल्या प्रत्येक घराची किल्ली दाराच्या आत दोरीला लोंबत असायची. पत्रं टाकायच्या फटीतून हात घालायचा, दोरी ओढायची, घरात यायचं. आईनं ती दोरी कधी काढली नाही. पुस्तक आल्यावर चर्चमध्ये बायका तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या, तरी नाही. जाताना एवढंच म्हणाली, "नोरीन, दोरी राहू दे हं. येईल तो."

आणि आज तो खरंच आला. घोळक्यासोबत, काठी टेकत. नोरीन दारातच उभी होती. तिला त्याच्याकडून एकच हवं होतं. आईनं दार लावलं नव्हतं, हे त्यानं चारचौघांत सांगावं.

"आलास बाबा एकदाचा! आईला माती द्यायला काही सवड झाली नाही तुला." मग त्याला बाजूला ओढून ती कुजबुजली, "खरं सांग. त्या रात्री दोरी नव्हती?"

फिंटननं मान खाली घातली. "मी त्या रात्री घरी आलोच नाही गं. सरळ बोटीवर चढलो. न सांगता पळालो, असं लिहायची लाज वाटली."

नोरीनला ती रात्र आठवली. आई बिचारी दिवा लावून बसली होती. "मग सांग की यांना! तिच्यासाठी एवढं कर रे."

"सर, दोन शब्द बोला ना," डेक्लन म्हणाला. सगळ्यांनी फोन वर धरले.

फिंटननं घसा खाकरला. "दार बंद होतं," तो म्हणाला. "अजून आठवतं मला."

टाळ्या पडल्या.

नोरीनला रडू आवरेना. ती आत गेली, दार लावलं, आणि खिळ्यावरची दोरी किल्लीसकट काढून घेतली.

घोळका पुढे गेल्यावर फटीचं झाकण वाजलं. फिंटनची म्हातारी बोटं आत आली, इकडेतिकडे चाचपडू लागली.

"नोरीन? अगं, दोरी कुठाय?"

किल्ली मुठीत धरून नोरीन आईच्या खुर्चीत बसून राहिली.