दुसऱ्यांदा ताणलेला तंतू

या प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं द्रावणं बनवते, काचा धुते आणि शहाण्यांची बडबड ऐकते. त्यातला अतिशहाणा म्हणजे ताठेराव. नाव मीच ठेवलंय, तोंडावरही तेच म्हणते. पीएचडी करतो आणि मान कधी वाकवत नाही.

पेशींना आकार देणारे बारीक तंतू असतात, ते हा ताणतो. दोन्ही टोकांना एकेक मणी चिकटवायचा, मणी हळूहळू लांब न्यायचे, किती जोर लागला ते यंत्र सांगतं. गेल्या वर्षी परीक्षकांसमोर माझ्या द्रावणाला पठ्ठ्या ‘माझी पद्धत’ म्हणाला. ते कसं बनवतात विचारल्यावर त त प प! नापास. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

आता सोमवारी शेवटची संधी आणि शुक्रवारी ताठेरावसाहेब डोकं धरून बसलेले.

“अर्धे तंतू ताठ, अर्धे मऊ! मऊवाले खराब झालेत ताई, टाकून देतो.”

“टाक ना! बनवायला चार दिवस मला लागतात, तुझं काय जातंय?”

कुठला तंतू कितव्यांदा ताणला, हे मी एका वहीत पेन्सिलीने लिहिते. हा तिला ‘किराण्याची यादी’ म्हणतो. तीच यादी त्याच्यापुढे आपटली. “बघ. ताठ ते सगळे पहिल्यांदा ताणलेले. तंतू पुरवायला तू तेच पुन्हा ताणलेस, ते मऊ. सोडल्यावर लांबी होती तेवढीच होते, पण एकदा ओढलेलं ते विसरत नाहीत. खराब कसले?”

वही घेऊन पळाला. थँक्यूबिंक्यू काही नाही. गेली वहीपण, म्हटलं.

सोमवारी मी सभागृहात मागे उभी होते. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, “मऊ तंतू खराब नाहीत कशावरून?”

ताठेरावाने मान खाली घातली. मेला आता, म्हटलं. तर त्याने माझी कळकट वही वर धरली. “हे मला दिसलं नव्हतं. मागे उभ्या आहेत त्या ताईंनी दाखवलं. मग मी न ताणलेले तंतू दोनदा ताणून बघितले. पहिल्यांदा ताठ, दुसऱ्यांदा तेच मऊ.”

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मला कुठे बघावं कळेना.

पास झाला. संध्याकाळी वही गुपचूप टेबलावर ठेवून गेला. शेवटच्या ओळीत त्याच्या गिचमिड अक्षरात एक नवी नोंद होती: ‘ताठेराव. ताण दुसरा. मऊ.’

गाढव कुठला! माझ्या वहीत पेनाने लिहितात का? चष्मा काढून डोळे पुसले आणि पुढे तारीख घातली.