दोन बोटं आखूड

शिंपीदादांच्या फोनला धनी दोन होते. फोन दादांचा आणि डोळे समोरच्या घड्याळजींचे, कारण दादा पुरते अक्षरशत्रू. लेक दूर नोकरीला. तिच्या कामाची वेळ आणि दादांचं दुकान काही जुळायचं नाही, म्हणून सगळा कारभार लेखी.

निरोप आला की दादा कात्री टाकून रस्ता ओलांडत, आणि घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता वाचून दाखवत. बाबा, गुडघा कसा आहे, वेळेवर जेवा, फार वाकून शिवू नका. शेवटी एक ओळ हटकून असायचीच, घड्याळजीकाकांची पँट जरा नीट करून द्या. लेकीला घड्याळजींच्या पँटींचा एवढा कळवळा का, हा किडा दादांच्या डोक्यात वळवळू लागला.

शेवटी ते वाचनालयातल्या बाईंच्या रविवारच्या शिकवणीला जाऊन बसले. बाईंनी फोनला वाचायला लावलं. निरोपावर बोट दाबून धरलं की फोन बोलतो, माईकवर बोट ठेवून आपण बोललो की फोन लिहितो. एवढंच असेल तर मी घड्याळजींच्या इतक्या पँटी कशाला शिवल्या, असं दादांनी विचारलं. बाईंना काही कळलं नाही.

सोमवारी दुकानात त्यांनी लेकीच्या जुन्या निरोपावर बोट ठेवलं. "ठीक. कामात आहे," फोन म्हणाला. त्याच्या आधीचा, "बरं." गुडघा नाही, जेवण नाही, पँट तर नाहीच. मग त्यांनी स्वतःचे निरोप ऐकले. घड्याळजींसमोर बसून अर्धा अर्धा तास सांगितलेलं सगळं एवढंच झालं होतं, "सगळं ठीक. काळजी नको."

दादा तरातरा रस्ता ओलांडून गेले. घड्याळजींनी या वेळी भिंग काढलं.

"एका बोटानं टाइप करतो मी. तुम्ही पुराण लावता. तुमचं आखूड गेलं, म्हणून तिचंही आखूड आलं."

"आणि गुडघा?"

"तुमचं तोंड बघून कोरडं वाचवेना. मग घातला आपला."

पँटीचं दादांनी विचारलं नाही. परत येऊन त्यांनी मशीन थांबवलं आणि माईकवर बोट ठेवून मन मोकळं केलं. गुडघ्याचं, रिकाम्या घराचं, तिच्या आठवणीचं. पाठवल्यावर दुपारभर त्यांचा एकही टाका सरळ पडला नाही.

संध्याकाळी फोन बोलला. "बाबा, हे तुम्हीच लिहिलंत? 'गाढव दुखतंय' म्हणजे गुडघा ना? मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो." पुढे बरंच होतं. दादांनी ते चार वेळा ऐकलं, डोळे पुसले आणि सवयीनं घड्याळजींकडे गेले.

घड्याळजींनी अक्षर न अक्षर वाचलं. शेवटी थांबले.

"पँटीचं काही?" दादांनी विचारलं.

"या वेळी नाही लिहिलं तिनं."

"मला वाटलंच. तरी आणलीय," म्हणत दादांनी पिशवी पुढे केली. घड्याळजींनी पँट तिथेच चढवून पाहिली. उजवा पाय बरोब्बर दोन बोटं आखूड होता.